नरसिंग यादव उत्तेजक द्रव्य प्रकरण

नरसिंग यादव उत्तेजक द्रव्य प्रकरण हे २०१६ सालच्या रिओ दी जानेरो ऑलिंपिकच्या तोंडावर भारतीय कुस्तीत उद्भवलेले प्रकरण होय. महाराष्ट्र केसरी हा किताब सलग तीन वेळा जिंकणारा मल्ल नरसिंग पंचम यादव याच्या २५ जून २०१६ रोजी घेतलेल्या मूत्रनमुन्यात मेथँडायनोन हे बंदी असलेले द्रव्य आढळले. आपल्या खाण्यापिण्यात ते कोणीतरी मिसळले, असे त्याचे म्हणणे होते. राष्ट्रीय उत्तेजक द्रव्य विरोधी संस्थेच्या शिस्तपालन समितीने १ ऑगस्ट रोजी ते मान्य केले. १८ ऑगस्ट रोजी, म्हणजे त्याची लढत ठरलेली होती त्याच्या आदल्या दिवशी, क्रीडा लवाद न्यायालयाने ते अमान्य करून त्याच्यावर ४ वर्षांची बंदी घातली.

सर्वसामान्यांच्या स्मरणात हे प्रकरण ‘नरसिंग विरुद्ध सुशील’ या स्पर्धेचा उत्तरार्ध म्हणून राहिले आहे. वस्तुतः ते दोन स्वतंत्र वाद होते. पहिला, ७४ किलो वजनगटात भारताचे प्रतिनिधित्व कोणी करावे हा. दुसरा, नरसिंगच्या शरीरात ते द्रव्य कसे गेले हा. दोहोंपैकी एकाचाही निकाल आखाड्यात लागला नाही. पहिल्याचा उत्तरार्ध म्हणून दुसऱ्याकडे पाहिल्यामुळे त्या काळात पुष्कळ गैरसमज निर्माण झाले आणि ते अद्यापही आढळतात.

दोन मल्ल, एक वजनगट

नरसिंग यादव याचा जन्म ६ ऑगस्ट १९८९ रोजी झाला. त्याचे कुटुंब मूळचे उत्तर प्रदेशातील वाराणसी जिल्ह्याचे. वडील मुंबईत दुधाचा व्यवसाय करीत. कांदिवली येथील भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या केंद्रात जगमल सिंग यांच्या मार्गदर्शनाखाली तो घडला. २०१० साली नवी दिल्लीत झालेल्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत आणि त्याच वर्षीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने ७४ किलो गटात सुवर्णपदक मिळवले. २०११, २०१२ आणि २०१३ अशी तीन वर्षे महाराष्ट्र केसरीची गदा त्याने सोडली नाही. असा तिहेरी पराक्रम करणारा तो पहिलाच मल्ल. पुढे २०१४ ते २०१६ या काळात जळगाव जिल्ह्यातील विजय चौधरी याने त्याची बरोबरी केली. महाराष्ट्र पोलीस दलात नरसिंगची उपअधीक्षकपदी नेमणूक झाली. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मात्र पहिल्याच लढतीत कॅनडाच्या मॅथ्यू जेंट्रीकडून तो पराभूत झाला.

सुशीलकुमार हा दिल्लीच्या छत्रसाल आखाड्याचा मल्ल. २००८ साली बीजिंग येथे कांस्य, २०१० साली मॉस्को येथे जागतिक अजिंक्यपद आणि २०१२ साली लंडन येथे रौप्य, ही तिन्ही पदके त्याने ६६ किलो गटात मिळवली. दोन ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक पदके मिळवणारा तो स्वतंत्र भारतातील पहिला खेळाडू होता. त्याच्यापूर्वी कुस्तीत भारताचे एकमेव ऑलिंपिक पदक होते ते कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकी येथे मिळवलेले कांस्य. खाशाबांनंतर महाराष्ट्राच्या एकाही मल्लाला ऑलिंपिक पदक मिळालेले नाही. २०१६ साली महाराष्ट्रात या प्रकरणाकडे एवढ्या उत्कटतेने पाहिले गेले, त्यामागे ही सहा दशकांची प्रतीक्षा होती.

दोघांचे वजनगट वेगळे होते तोवर त्यांच्यात स्पर्धा असण्याचे कारण नव्हते. ते कारण आंतरराष्ट्रीय महासंघाने पुरवले. ऑलिंपिकमधील वजनगटांची फेररचना झाली, ६६ किलो हा गट वगळला गेला आणि मुक्त शैलीत ५७, ६५, ७४, ८६, ९७ व १२५ किलो असे सहा गट उरले. सुशीलकुमारने खाली ६५ मध्ये न जाता वर ७४ मध्ये जाण्याचे ठरवले आणि २०१४ साली ग्लासगो येथील राष्ट्रकुल स्पर्धेत या नव्या गटातही सुवर्णपदक जिंकले. त्याच वर्षी इंचॉन येथील आशियाई क्रीडा स्पर्धेत तो उतरला नाही. तेथे नरसिंगने कांस्यपदक मिळवले.

सप्टेंबर २०१५ मध्ये लास व्हेगास येथे जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. खांद्याच्या दुखापतीमुळे सुशीलकुमार तिच्या निवड चाचणीत नव्हता. नरसिंग गेला आणि कांस्यपदकाच्या लढतीत पिछाडीवर असताना फ्रान्सच्या झेलिमखान खादजिएव याला चीतपट करून पदक घेऊन आला. या पदकाबरोबर ७४ किलो गटात भारताला रिओचा प्रवेश मिळाला. रिओसाठी भारतीय कुस्तीला मिळालेला हा पहिलाच प्रवेश होता.

निवडीचा वाद

येथे एक तांत्रिक बाब ध्यानात घ्यावी लागते. अशा स्पर्धेतून मिळणारा ऑलिंपिक प्रवेश हा मल्लाच्या नावावर नसतो, तो देशाच्या नावावर असतो. त्या जागेवर कोणाला पाठवावे हे देशाचा महासंघ ठरवतो. ज्याने प्रवेश मिळवला त्यालाच पाठवावे, अशी भारतीय कुस्ती महासंघाची सर्वसाधारण प्रथा होती. परंतु प्रथा म्हणजे नियम नव्हे. सुशीलकुमारचा युक्तिवाद याच फटीवर उभा होता. प्रवेश देशाचा असेल तर देशाने आपला सर्वोत्तम मल्ल पाठवावा, आणि सर्वोत्तम कोण हे दोघांच्या निवड लढतीतून ठरावे, असे त्याचे म्हणणे होते.

कुस्तीच्या परंपरेत वाढलेल्या माणसाला हा युक्तिवाद सहज पटण्यासारखा आहे. गावच्या जत्रेतल्या फडावरसुद्धा नावलौकिकाला किंमत नसते; जो समोर येईल त्याच्याशी हात मिळवावा लागतो. पण महासंघाची बाजूही पोकळ नव्हती. ऑलिंपिक अडीच-तीन महिन्यांवर आलेले असताना दोन अव्वल मल्लांना एकमेकांवर घालणे म्हणजे एकाच्या किंवा दोघांच्याही दुखापतीला निमंत्रण देणे. शिवाय आदल्या वर्षी जी चाचणी झाली तीत सुशीलकुमारला कोणी अडवले नव्हते.

मे २०१६ मध्ये सुशीलकुमारने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. न्यायमूर्ती मनमोहन यांनी ६ जून रोजी याचिका फेटाळली. खेळाडूंची निवड हे तज्ज्ञांचे आणि महासंघाचे काम आहे. प्रक्रिया मनमानीपणाची नसेल तर न्यायालयाने तीत हस्तक्षेप करू नये, ही निकालामागील भूमिका होती. निवडीचा प्रश्न त्या दिवशी संपला. परंतु दोन्ही मल्लांचे चाहते तोवर दोन तटांत विभागले गेले होते, आणि पुढे जे घडले ते त्यांनी त्या तटांवरूनच पाहिले.

चाचण्या आणि आरोप

नरसिंग त्या वेळी हरियाणातील सोनीपत येथील भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या केंद्रात सराव शिबिरात होता. २५ जून रोजी तेथे त्याचा नमुना घेण्यात आला. त्यात मेथँडायनोनचे अंश आढळले. ५ जुलै रोजी पुन्हा नमुना घेतला गेला, तोही सदोष निघाला. मात्र त्यातील प्रमाण बरेच कमी होते. प्रत्येक नमुन्याचे दोन भाग करून एक राखून ठेवण्याची पद्धत आहे. पहिल्या भागाच्या निष्कर्षावर आक्षेप असल्यास दुसरा उघडतात. येथे दुसऱ्या भागानेही तोच निष्कर्ष दिला. द्रव्य शरीरात होते, याविषयी त्यामुळे शेवटपर्यंत वाद राहिला नाही. नरसिंगच्या खोलीत राहणाऱ्या सहकारी मल्लाच्या नमुन्यातही तेच द्रव्य सापडले.

२४ जुलै रोजी ही बातमी जाहीर झाली आणि नरसिंगला तात्पुरते निलंबित करण्यात आले. महासंघाने त्याच्या जागी प्रवीण राणा याचे नाव पुढे केले. नरसिंगने कटाचा आरोप केला. केंद्रातील स्वयंपाकघरात आपल्या अन्नात आणि सरावाच्या वेळी घेतल्या जाणाऱ्या पेयात द्रव्य मिसळले गेले, असे त्याने सांगितले आणि सोनीपतजवळच्या राई पोलीस ठाण्यात एका तरुण मल्लाविरुद्ध तक्रार दिली. सहकाऱ्याला तर ऑलिंपिकला जायचे नव्हते, मग त्याच्या शरीरात तेच द्रव्य कसे आले, हा त्याच्या बाजूचा सर्वात बिनतोड वाटणारा प्रश्न होता.

सुशीलकुमारने आपला या घटनेशी काही संबंध नसल्याचे सांगितले. पोलिसांकडे ज्याचे नाव देण्यात आले, त्या तरुणाचे नाव त्या वेळी वृत्तपत्रांनी मुक्तपणे छापले. कटाचा आरोप कोणत्याही न्यायालयात सिद्ध झालेला नाही. म्हणून ते नाव या लेखात दिलेले नाही.

मेथँडायनोन

मेथँडायनोन हे पुरुषी संप्रेरक टेस्टोस्टेरॉनसारखे कार्य करणारे कृत्रिम द्रव्य आहे. सिबा या स्विस कंपनीने ते १९५० च्या दशकात ‘डायनाबॉल’ या नावाने बाजारात आणले. जॉन झिग्लर या अमेरिकन डॉक्टरांनी ते प्रथम वजन उचलणाऱ्या खेळाडूंना दिले आणि तेथून ते सर्व शक्तिप्रधान खेळांत पसरले. स्नायू वाढवणे आणि कठोर सरावानंतर शरीराची झीज लवकर भरून काढणे हे त्याचे परिणाम. यकृतावरील दुष्परिणाम, रक्तदाब व हृदयाचे विकार ही त्याची किंमत. ते गोळीच्या रूपाने पोटात घेतात. पाण्यात ते सहजासहजी विरघळत नाही. हा शेवटचा तपशील रसायनशास्त्राच्या पुस्तकातला वाटेल, पण रिओत त्याला महत्त्व आले.

नियम काय सांगतो

जागतिक उत्तेजक द्रव्य विरोधी संस्था म्हणजे वाडा, १९९९ साली स्थापन झाली. तिची संहिता २००४ पासून लागू झाली. भारतातील संस्था म्हणजे नाडा, तिचे नियम याच संहितेवर आधारलेले आहेत. या प्रकरणाला २०१५ ची संहिता लागू होती.

संहितेचा पाया असा, की खेळाडूच्या शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची. ते त्याने घेतले, चुकून गेले की कोणी घातले, हे नियमभंग ठरवताना पाहिलेच जात नाही. नियमभंग नमुन्यातच सिद्ध होतो. त्यानंतरचा प्रश्न शिक्षेचा. मेथँडायनोनसारख्या द्रव्यासाठी शिक्षा ४ वर्षांची. ती टाळायची किंवा कमी करायची असेल तर खेळाडूने दाखवून द्यावे लागते की हेतू नव्हता. आणि संपूर्ण सुटका हवी असेल तर द्रव्य शरीरात नेमके कोणत्या मार्गाने गेले आणि त्यात आपला कसलाही दोष वा हलगर्जीपणा नव्हता, हेही सिद्ध करावे लागते. फौजदारी खटल्याप्रमाणे येथे ‘निःसंशय’ पुराव्याची अपेक्षा नसते. आपण सांगतो ते घडले असण्याची शक्यता न घडण्यापेक्षा अधिक आहे, एवढे दाखवले तरी पुरते. पण ते दाखवण्याचा भार खेळाडूवर असतो.

मराठी वृत्तपत्रांनी या काळात ‘निर्दोष’, ‘दोषमुक्त’ आणि ‘क्लीन चिट’ हे शब्द एकाच अर्थाने वापरले. या क्षेत्रात ते समानार्थी नाहीत. ज्याच्या शरीरात द्रव्य सापडले तो संहितेच्या दृष्टीने नियमभंगापासून मुक्त होऊच शकत नाही. मुक्त होऊ शकतो तो फक्त शिक्षेपासून. १ ऑगस्टला नरसिंगची जी सुटका झाली ती या दुसऱ्या प्रकारची होती. महाराष्ट्रात तेव्हा पेढे वाटणाऱ्यांच्या हे लक्षात आले असते तर १८ ऑगस्टचा धक्का थोडा कमी बसला असता.

या नियमातील कठोरपणा कुस्तीसारख्या खेळात विशेष जाणवतो. मल्लाचे सारे आयुष्य खुराकावर चालते. तालमीत दूध, बदाम, थंडाई एकत्र सिद्ध होते. शिबिरात शंभर जणांचे अन्न एका स्वयंपाकघरात शिजते. आपल्या ताटात काय पडते यावर मल्लाचे नियंत्रण फारसे नसते. संहिता मात्र त्याला सांगते, की ताट तुझे, म्हणून राखणही तुझी. हा नियम अन्यायकारक आहे असे म्हणणारे पुष्कळ आहेत. तो नसता तर प्रत्येक सापडलेला खेळाडू स्वयंपाक्याकडे बोट दाखवील आणि एकही प्रकरण तडीस जाणार नाही, हे उत्तरही तितकेच खरे आहे.

नाडाच्या समितीचा निर्णय

समितीपुढे २७ व २८ जुलै रोजी सुनावणी झाली. नाडाच्या वकिलांनी नरसिंगच्या सुटकेला विरोध केला होता. नाडा ही संस्था आणि तिची निर्णय देणारी समिती यांच्या भूमिका एक नव्हत्या, हे अनेकदा विसरले जाते. १ ऑगस्ट रोजी नाडाचे महासंचालक नवीन अग्रवाल यांनी समितीचा निर्णय वाचून दाखवला. २ जूनपर्यंतच्या नरसिंगच्या सर्व चाचण्या स्वच्छ होत्या. द्रव्य एकदाच पोटात गेलेले दिसते. एकदाच घेतल्याने मल्लाला काही लाभ होण्याची शक्यता नाही. म्हणून हे हेतुपुरस्सर सेवन नव्हे, तो प्रतिस्पर्ध्याच्या घातपाताला बळी पडला आहे, असा समितीच्या तर्काचा क्रम होता.

हा तर्क ‘एकदाच’ या एका शब्दावर तोललेला आहे. तो शब्द ढळला की पुढची सगळी रचना ढळते. शिवाय सहकाऱ्याचा सदोष नमुना, आचाऱ्यांचे जबाब आणि पोलिसांतील तक्रार यांवरून घातपाताची शक्यता दिसत होती. पण शक्यता आणि संभाव्यता यांत अंतर असते, आणि संहितेला दुसरी हवी असते.

निर्णयानंतर नरसिंगचे नाव पुन्हा संघात आले आणि तो ब्राझीलला रवाना झाला.

रिओ

संहितेनुसार कोणत्याही देशाच्या समितीच्या निर्णयाविरुद्ध अपील करण्याचा अधिकार वाडाला आहे. तिने तो वापरला. लोझान येथील क्रीडा लवाद न्यायालय १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकपासून प्रत्येक ऑलिंपिकच्या शहरात एक तात्पुरता विभाग बसवते. तेथे काही तासांत किंवा दिवसांत निकाल लागतो. प्रकरण या विभागापुढे आले.

१८ ऑगस्टच्या सुनावणीत माँट्रियल येथील प्रयोगशाळेच्या प्रमुख ख्रिस्तियान आयोत यांचे मत वाडाने मांडले. २५ जूनच्या नमुन्यातील प्रमाण एवढे मोठे होते, की ते पाण्यात मिसळलेल्या भुकटीपेक्षा एक किंवा दोन अख्ख्या गोळ्या घेतल्याशी जुळते, असे त्यांचे म्हणणे होते. कोणाच्या नकळत त्याच्या पेयात भुकटी टाकता येते. त्याच्या तोंडात गोळी घालता येत नाही. घातपाताची संपूर्ण कथा पेयावर उभी होती.

न्यायालयाने निष्कर्ष काढला की घातपाताचा खराखुरा पुरावा नरसिंगला देता आलेला नाही, आणि शक्यता तोलून पाहता त्याने द्रव्य गोळीच्या रूपात, हेतुपुरस्सर आणि एकाहून अधिक वेळा घेतलेले असावे. नाडाच्या समितीचा ‘एकदाच’ हा शब्द येथे खोडला गेला. ४ वर्षांची बंदी त्याच दिवसापासून लागू झाली. आधी भोगलेल्या निलंबनाचा काळ तीतून वजा करण्याची मुभा देण्यात आली. भारतात तेव्हा १९ ऑगस्टची पहाट झाली होती. त्याच दिवशी रिओत ७४ किलो गटाच्या लढती झाल्या आणि इराणच्या हसन याझदानीने सुवर्णपदक जिंकले. त्या गटात भारताचा मल्ल उतरलाच नाही. सुशीलकुमार घरी होता, प्रवीण राणाची वेळ टळून गेली होती. ज्या जागेसाठी उच्च न्यायालयापर्यंत भांडण गेले ती जागा रिकामी राहिली.

योगायोग असा, की निकालाच्या आदल्याच दिवशी साक्षी मलिकने कांस्यपदक मिळवून भारतीय कुस्तीत आनंद आणला होता. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर माणदेशातील मोहीची ललिता बाबर ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीच्या अंतिम फेरीत १० वी आली होती, आणि चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ एकेरी नौकानयनात १३ वा. पाण्यासाठी टाहो फोडणाऱ्या तालुक्यातला मुलगा नौकानयनात ऑलिंपिकला जातो, ही गोष्ट एरवी महिनाभर गाजली असती. नरसिंगच्या बातमीने ती झाकून टाकली.

धावपटूंची उदाहरणे

प्रतिस्पर्ध्याने घात केला, हा बचाव कुस्तीत नवा असला तरी खेळात नवा नाही. त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण १०० मीटर धावण्याच्या शर्यतीतले आहे. कॅनडाचा बेन जॉन्सन आणि अमेरिकेचा कार्ल लुईस यांचे वैर १९८० च्या दशकात जगभर गाजत होते. २४ सप्टेंबर १९८८ रोजी सोल येथे जॉन्सनने ९.७९ सेकंदांत शर्यत जिंकली, लुईसला ९.९२ लागले. तीन दिवसांनी जॉन्सनचे पदक काढून घेण्यात आले. नमुन्यात स्टॅनोझोलोल होते. शर्यतीनंतर चाचणीच्या खोलीत कोणीतरी जॉन्सनच्या पेयात काही मिसळले, असे त्याच्या गोटातून सांगण्यात आले. परंतु रासायनिक तपासणीने दाखवले की त्याच्या शरीरातील नैसर्गिक संप्रेरकांचे प्रमाण दीर्घकालीन सेवनाशी जुळणारे आहे. एका घोटाने असे होत नाही. पुढच्या वर्षी न्यायमूर्ती चार्ल्स डुबिन यांच्या चौकशी आयोगापुढे प्रशिक्षक चार्ली फ्रान्सिस यांनी सेवन १९८१ पासून चालू असल्याचे सांगितले आणि जॉन्सननेही कबुली दिली. लुईसचा इतिहासही कोरा नव्हता. १९८८ च्या अमेरिकेच्या निवड स्पर्धेत त्याच्या नमुन्यात उत्तेजकांचे अल्प अंश सापडले होते आणि ते अजाणता गेले असे मानून प्रकरण मिटवले गेले, हे २००३ साली उघड झाले.

२००६ साली अमेरिकेचाच जस्टिन गॅटलिन टेस्टोस्टेरॉनच्या चाचणीत सापडला. त्याचे प्रशिक्षक ट्रेव्हर ग्रॅहम यांनी सूडापोटी एका मालिशवाल्याने मलम चोळल्याचा आरोप केला. मालिशवाल्याने तो नाकारला, लवादानेही तो स्वीकारला नाही. गॅटलिनवर ४ वर्षांची बंदी आली.

भारतातील प्रकरण नरसिंगच्या प्रकरणाशी सर्वांत जवळचे आहे. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत आणि ग्वांगझौच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या महिलांनी ४ × ४०० मीटर रिलेत सुवर्णपदक मिळवले. वर्ष उलटण्याच्या आतच मनदीप कौर, सिनी जोस, अश्विनी अक्कुंजी यांच्यासह सहा महिला धावपटू उत्तेजकांच्या चाचणीत सापडल्या. द्रव्यांत मेथँडायनोन होते. परदेशी प्रशिक्षक युरी ओगोरोदनिक यांनी आणून दिलेल्या जिनसेंगच्या पूरक आहारातून ते आले, असा बचाव त्यांनी मांडला. नाडाच्या समितीने डिसेंबर २०११ मध्ये १ वर्षाची सौम्य शिक्षा दिली. आंतरराष्ट्रीय ॲथलेटिक्स महासंघाने अपील केले आणि जुलै २०१२ मध्ये क्रीडा लवाद न्यायालयाने ती २ वर्षांची केली. द्रव्य तेच, देशातील समितीची सहानुभूती तीच आणि वरच्या पायरीवरील उलटापालटही तीच. चार वर्षांपूर्वीचा हा निकाल समोर असताना १ ऑगस्टचा निर्णय टिकेल असे महासंघाने गृहीत धरले, ही आश्चर्याची गोष्ट आहे. प्रवीण राणाला पाठवले असते तर त्या गटात निदान एक भारतीय मल्ल उतरला असता.

या तिन्ही प्रकरणांत आणि नरसिंगच्या प्रकरणात एक फरक मात्र नोंदवला पाहिजे. जॉन्सनच्या विरोधात पुढे कबुली आली. नरसिंगने कधीही कबुली दिलेली नाही. आपण निर्दोष आहोत हीच त्याची भूमिका राहिली. लवादाचा निष्कर्ष हा त्याच्यापुढे आलेल्या पुराव्याच्या तोलावरचा निष्कर्ष आहे, आणि त्याचे वर्णन तेवढ्याच शब्दांत करणे योग्य.

नंतरच्या घडामोडी

घातपाताच्या तक्रारीचा तपास पुढे केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. बंदीचा काळ २०२० च्या मध्यास संपला. कोविडच्या साथीमुळे टोकियो ऑलिंपिक वर्षभर पुढे ढकलले गेले होते. त्यामुळे एक अनपेक्षित संधी निर्माण झाली. डिसेंबर २०२० मध्ये बेलग्रेड येथील विश्वचषक स्पर्धेत नरसिंग पुन्हा ७४ किलो गटात उतरला, पण एकतीस वर्षांच्या आणि चार वर्षे आखाड्याबाहेर राहिलेल्या मल्लाला ती लढत जड गेली. टोकियोत या गटात भारताला प्रवेशच मिळाला नाही. २०२४ साली भारतीय कुस्ती महासंघाच्या खेळाडू आयोगाच्या अध्यक्षपदी त्याची निवड झाली.

दरम्यान भारतात उत्तेजकविरोधी व्यवस्थेला कायद्याचा आधार मिळाला. २०१६ साली नाडा ही केवळ नोंदणीकृत संस्था होती. २०२२ साली संसदेने राष्ट्रीय उत्तेजक द्रव्य विरोधी अधिनियम संमत केला आणि नाडाला, तसेच तिच्या शिस्तपालन व अपील समित्यांना, वैधानिक दर्जा प्राप्त झाला. शरीरात सापडलेल्या द्रव्याची जबाबदारी खेळाडूवर ठेवणारे तत्त्व या अधिनियमातही कायम आहे.